फिरवण्याआधी तिवडा रोव

खानापूरला नुकतंच डीटीपीचं दुकान टाकलेल्या एका मुलानं विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, गणपतीच्या मखरामागची प्रभावळ कोरल सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. एक पाकळी काढली आणि फिरवून गोलभर लावायला गेलो, तर पाकळी पानाबाहेरच उडून जाते. कशीबशी लावली तर शेवटची पाकळी आणि पहिली पाकळी यांच्यात फट राहते. मंडळाचा गोल शिक्काही करायला घेतलाय, त्यात गोलावर टाकलेल्या मराठी अक्षरांची शिरोरेषा दात पडल्यासारखी तुटते. काय चुकतंय?"

मी बेळगावात २६ वर्षं हेच काम करतोय. आधी ब्रशनं पत्र्यावर बोर्ड रंगवायचो, मग रेडियम कटिंग (चिकट रंगीत स्टिकर कापणं) आलं, मग फ्लेक्स, आता उद्यमबागेतल्या लेझरवाल्यांना फायली करून देतो. तुझे तीन प्रश्न दिसायला वेगळे आहेत खरं दुखणं एकच आहे. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.)

फिरवायचं म्हटलं की आपण कोनाचा विचार करतो. कोन म्हणजे नुसता आकडा, टाकला की झालं. कशाभोवती फिरवायचं, हे मात्र कुणी आधी ठरवत नाही. तुझ्या आज्जाला विचार मळणी कशी चालायची ते. खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेचा बैल धापा टाकत धावतो, फेरी मात्र दोघांची एकदमच पुरी होते. तिवडा चुकीच्या जागी रोवला तर अख्खी पात खळ्याबाहेर जाते. तुझी पाकळी गेली तशीच.

कोरलमध्ये पिक टूलनं पाकळीवर एकदा क्लिक केलंस की भोवती आठ काळे चौकोन येतात. ते लहानमोठं करायचे. जरा थांबून त्याच पाकळीवर पुन्हा क्लिक कर. घाईनं लागोपाठ दोनदा दाबलंस तर शेप टूल हातात येईल आणि नोड (रेषेवरचे बिंदू) दिसायला लागतील, म्हणून थांबून. आता कोपऱ्यांवर वाकडे बाण आले, बाजूंवर तिरकं करायचे बाण आले आणि मधोमध एक बारीक गोल आला, त्याच्या पोटात ठिपका. हा तुझा तिवडा. माझ्याकडं शिकायला आलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी पहिले सहा महिने त्याला हातही लावलेला नसतो. तो माऊसनं धरून ओढता येतो हेच माहीत नसतं.

प्रभावळीचं केंद्र जिथं हवंय तिथं आधी एक उभी आणि एक आडवी गाइडलाइन टाक. व्ह्यू मेनूतल्या 'स्नॅप टू'मध्ये गाइडलाइन्सवर खूण कर, म्हणजे ठिपका अंदाजानं न बसता बरोबर खुणेवर बसेल. ठिपका तिथं ओढून ने. मग कोपऱ्यातला बाण धर, कंट्रोल दाबून ठेव आणि फिरव. कंट्रोल दाबलेलं असलं की कोरल १५-१५ अंशांच्या टप्प्यानं फिरवतं. हव्या त्या कोनावर आलास की डावं बटण सोडायच्या आधी उजवं बटण दाब. मूळ पाकळी जागेवर राहते आणि फिरवलेली नवी प्रत पडते. आता नुसतं कंट्रोल-आर दाबत जा. तेवढ्याच कोनानं, त्याच केंद्राभोवती एकेक पाकळी येत जाईल.

दुसरी वाट ऑल्ट-एफ८ ची. त्यानं फिरवायचं डॉकर, म्हणजे बाजूची खिडकी, उघडतं. त्यात कोन, केंद्राचे एक्स आणि वाय, खाली 'रिलेटिव्ह सेंटर'ची चौकट आणि किती प्रती हव्यात तो आकडा. तुझी पाकळी उडते ती बहुधा इथंच. रिलेटिव्ह सेंटरवर खूण असेल तर एक्स-वाय हे त्या पाकळीपासून मोजले जातात. खूण काढलीस की तेच आकडे पट्टीच्या शून्यापासून, म्हणजे तू हलवलं नसशील तर पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून मोजले जातात. खूण काढून एक्स शून्य, वाय शून्य ठेवलंस तर पाकळी इमानदारीत पानाच्या कोपऱ्याभोवती फिरते आणि टेबलाबाहेर जाते. ती सांगितलं तेच करते. तू तिवडा पानाच्या कोपऱ्यात रोवलास.

प्रतींचा आकडाही सांभाळ. १२ पाकळ्या हव्या असतील तर कोन ३० आणि प्रती ११. पहिली पाकळी आधीच तिथं आहे. १२ टाकलंस तर बारावी प्रत पहिलीच्या अंगावर जाऊन बसते. फ्लेक्सवर ते कळतही नाही. रेडियम कटरवर मात्र पातं तीच रेषा दोनदा कापतं, खालचा कागदही फाडतं, आणि सोलायला घेतलं की सगळं एकदमच हातात येतं. लेझरवर ॲक्रिलिकची कड दोनदा भाजून पिवळी पडते. म्हणून कटिंगची फाइल असेल तर शेवटी पहिल्या पाकळीवर क्लिक करून ती जरा बाजूला ओढून बघायची. खाली दुसरी निघाली तर डिलीट, नाहीतर कंट्रोल-झेड.

इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांसाठी: आर दाबून रोटेट टूल घ्यायचं, ऑल्ट दाबून केंद्रावर क्लिक करायचं, खिडकी उघडते, कोन टाकून कॉपी म्हणायचं, मग कंट्रोल-डी दाबत राहायचं. इंकस्केपमध्ये कोरलसारखंच दुसऱ्या क्लिकला बाण येतात, मधली फुली ओढायची. फिरवताना स्पेसबार दाबला की तिथं एक प्रत उमटते. फुली परत मूळ जागी न्यायची तर शिफ्ट धरून तिच्यावर क्लिक. इंकस्केप फुकट आहे, नव्यानं दुकान टाकलेल्याला खिशाला बरं. मी स्वतः अजून कोरलवरच आहे, सवय सुटत नाही.

आता एक गोष्ट, जी मला कळायला फार वर्षं लागली. सॉफ्टवेअर ज्याला 'मध्य' म्हणतं तो आकृतीचा मध्य नसतो, आकृतीभोवतीच्या चौकटीचा मध्य असतो. चौरस, गोल, लंबगोल यांना फरक पडत नाही. समभुज त्रिकोण घे. त्याचा खरा मध्य पायापासून उंचीच्या एक तृतीयांशावर असतो, चौकटीचा मध्य मात्र निम्म्या उंचीवर. ६ इंच उंचीच्या त्रिकोणात १ इंचाचा फरक. तिवडा न हलवता तो १२० अंशांनी फिरवलास तर पहिल्यावर तंतोतंत बसायला हवा, खरं बसत नाही, झिंगल्यासारखा बाजूला सरकतो. कोयरी, ज्योत, वेलांटी असलेलं अक्षर, मोराचं पीस, या सगळ्यांचं हेच. साडीच्या पदरावरची कोयरी फिरवताना शहापूरच्या एका विणकरानं मला हे दाखवून दिलं होतं. त्याला सॉफ्टवेअर येत नव्हतं, डोळा होता.

यावर माझी युक्ती: जिथं केंद्र हवंय तिथं मध्य धरून एक मोठा गोल काढायचा, आकृती पूर्ण आत मावेल एवढा. त्याला रंग नाही, कड नाही. मग आकृती आणि हा अदृश्य गोल यांचा ग्रुप करायचा. आता ग्रुपची चौकट म्हणजे गोलाची चौकट, तिचा मध्य म्हणजे तुझा तिवडा. कसंही फिरव, दुसऱ्या फाइलमध्ये ने, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ने, केंद्र हलत नाही. फक्त कटरला पाठवण्याआधी तो गोल काढून टाकायला विसरू नकोस. न दिसणाऱ्या रेषाही काही मशीन कापतात.

फटीचं सांगतो. ही माझीच फजिती आहे.

शिवजयंतीच्या चित्ररथासाठी एका मंडळाला मागची प्रभावळ हवी होती. १० फूट व्यास, ७ किरणं. ३६० ला ७ नं भागलं की ५१.४२८५ आणि पुढं कधी न संपणारे आकडे. मी घाईत ५१ टाकलं, सहा प्रती काढल्या, स्क्रीनवर बघितलं, झकास. सनबोर्डवर कापून रात्री ११ वाजता ट्रॉलीवर चढवलं, तेव्हा मंडळाचा एक पोरगा म्हणाला, "काका, सगळं बराबर हाय खरं एक दात पडलाय." सात वेळा ५१ म्हणजे ३५७. उरले ३ अंश. स्क्रीनवर ३ अंश म्हणजे केसभर. ५ फूट त्रिज्येच्या कडेला ३ अंश म्हणजे ३ इंचांहून जास्त. मळणीतला कडेचा बैल आठव: कोन सगळ्यांना सारखा, कडेला चाल मोठी. त्या फटीवर झेंडूची माळ सोडली आणि वेळ मारून नेली. फोटोत ती माळ कुणी सजावट म्हणून दाखवली की मी अजून दुसरीकडं बघतो.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. ५ फूट त्रिज्येवर १ अंश म्हणजे साधारण १ इंच. ५१.४ टाकलं असतं तर शेवटी ०.२ अंश उरला असता, म्हणजे कडेला ५ मिलिमीटर. ५१.४३ टाकलं असतं तर पाव मिलिमीटरच्या आसपास, तेवढं पात्याच्या जाडीतच जातं. दोन दशांश स्थळं टाकायचा कंटाळा करू नकोस. इलस्ट्रेटरच्या खिडकीत सरळ ३६०/७ लिहिलं तरी तो स्वतः भागून घेतो.

८, ९, १०, १२, १८, २४ हे गुणी आकडे, ४५, ४०, ३६, ३०, २०, १५ असे साफ सुटतात. अशोकचक्राला २४ आरे, एकेक १५ अंशांवर, म्हणून कंट्रोल दाबून डोळे झाकून होतं. आऱ्यांच्या मध्ये कडेला जे बारीक ठिपके असतात ते ७.५ अंश सरकवून परत १५-१५ नं. गिऱ्हाइकाला मात्र ११ आणि २१ च शुभ वाटतात आणि ते दोन्ही कधी साफ सुटत नाहीत. तिथं मी कोन टाकतच नाही. पॉलिगॉन टूलनं तेवढ्याच बाजूंची आकृती त्याच केंद्रावर काढतो, ११ पाकळ्या तर ११ बाजू. तिचे कोपरे सॉफ्टवेअरनं मोजूनच काढलेले असतात. पाकळीचं टोक त्या-त्या कोपऱ्याला स्नॅप करत गेलं की चूक साठत नाही. साठणारी चूक हीच खरी वैरीण. एका पाकळीवर दिसत नाही, अकराव्या पाकळीला सगळी एकदम वसूल करते.

हात बसवायचा असेल तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, जुनं जैन मंदिर, बघून ये. १२०४ सालची, छताला ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले २४-२४ तीर्थंकर मिळून ७२. मान वर करून बघ आणि घरी येऊन काढ. सगळ्या पाकळ्या एकाच गोलात बसवायच्या म्हटल्यास तर ५ अंशांनी ७१ प्रती. २४-२४ च्या तीन ओळी केल्यास तर प्रत्येक ओळ १५ अंशांनी, आणि दुसरी ओळ पहिलीच्या सांध्यावर यावी म्हणून तिला आधी ७.५ चा झोका. ज्यानं ती कोरली त्याच्याकडं कंट्रोल-झेड नव्हतं, एवढंच मनात येतं तिथं उभं राहिलं की.

दिशेचं एक घोळदार प्रकरण आहे, ते उरकतो. कोरल आणि इलस्ट्रेटरमध्ये अधिक आकडा टाकला की आकृती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरते, शाळेत भूमितीत शिकवतात तशी. एसव्हीजी फाइलमध्ये, म्हणजे वेबसाइटवाले वापरतात त्यात, वाय खाली मोजला जातो, म्हणून अधिक आकडा घड्याळाच्या दिशेनं. त्यात नुसतं रोटेट ३० असं लिहिलं आणि केंद्राचे दोन आकडे दिले नाहीत तर फिरतं ते शून्य-शून्य बिंदूभोवती, जो तिथं साधारणपणे वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. तुझ्या उडणाऱ्या पाकळीचीच ही वेबवरची बहीण. टिळकवाडीतल्या एका वेबसाइटवाल्या पोराला फोनवर "१५ अंश फिरव" सांगितलं आणि लोगो उजवीकडं कलला. तेव्हापासून मी फोनवर अंश सांगतच नाही, "उजवा खांदा खाली" किंवा "उजवा खांदा वर" असं सांगतो.

यापेक्षा वाईट घोळ 'उलटं' या शब्दाचा. गिऱ्हाईक म्हणतं, "हे उलटं करून द्या." दुकानातला कन्नड पोरगा आतल्याला ओरडतो, "उल्टा माड्री." दोन्ही भाषांत अर्थ दोन: आरशातलं उलटं की डोक्यावर उभं? रबरी शिक्क्याला, काचेच्या आतून लावायच्या रेडियमला, टी-शर्टच्या ट्रान्सफरला आरशातलं लागतं, म्हणजे मिरर. ते फिरवून कधीच मिळत नाही, १८० काय, ३६० अंश फिरव. १८० नं फिरवलं की अक्षर डोक्यावर उभं राहतं खरं वाचता येतं ते सरळच, फक्त मान वाकडी करून. 'म', 'क' अशी अक्षरं घेऊन एकदा दोन्ही करून बघ, आयुष्यात विसरणार नाहीस. मी आता गिऱ्हाइकाला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा दाखवून विचारतो, असं का?

आधी फिरवायचं की आधी ताणायचं, याचाही एक नियम करून ठेव: ताणणं, दाबणं, जाडी-रुंदी, सगळं सरळ असताना. फिरवणं शेवटी. कोरलमध्ये रिबनवरचं नाव २० अंश तिरकं केलंस आणि मग बाजूच्या चौकोनाला धरून लांब केलंस, तर ते पानाच्या आडव्या दिशेनं ताणलं जातं, नावाच्या दिशेनं नाही. अक्षरं कलंडतात, काने वाकडे होतात. इंकस्केपमध्येही तेच. इलस्ट्रेटरची चौकट आकृतीबरोबर तिरकी राहते म्हणून तिथं निभावतं, पण कुणी रिसेट बाउंडिंग बॉक्स केला की तिथंही गेलं. कोरल फिरवलेला कोन लक्षात ठेवतं, वरच्या पट्टीतल्या कोनाच्या खणात ० टाकलं की आकृती सरळ होते. मात्र वेल्ड केलंस, म्हणजे आकृत्या जोडून एक केल्यास, की नवी आकृती जन्माला येते आणि ती जुना कोन विसरते. म्हणून तिरकं करण्याआधी एक सरळ प्रत पानाच्या बाहेर ठेवायची. माझ्या प्रत्येक फाइलच्या कडेला अशा प्रती पडलेल्या असतात, मुलगी त्याला अडगळ म्हणते.

फ्लेक्सचं एक. १० बाय ३ चा बोर्ड गिऱ्हाइकाला ३० अंश तिरका टांगायचा होता, म्हणून आमच्या एका नव्या पोरानं फाइलच तिरकी केली. सरळ बोर्ड ३० चौरस फूट. तिरका केला की त्याला बसवणारी चौकट होते १०.१६ बाय ७.६, म्हणजे ७७ चौरस फूट, त्यातले ४७ फूट कोरे. बोर्ड सरळ छापायचा आणि तिरका टांगायचा. एवढं सांगायची वेळ येऊ नये, येते.

आता शिक्का. यात खरी मजा आहे, कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी गोलावरची अक्षरं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केली आहेत. इंग्रजी अक्षर रेषेवर बसतं. मराठी अक्षर रेषेला लोंबतं. टेक्स्ट पाथवर, म्हणजे आखलेल्या रेषेवर, टाकलं की सॉफ्टवेअर काय करतं? प्रत्येक अक्षराचा पाय गोलावर ठेवतं आणि त्या जागी गोलाची जी दिशा असेल तेवढं ते अक्षर फिरवतं. एकेक अक्षर वेगळं फिरलं म्हणजे शेजाऱ्यांचे पाय जवळ आणि डोकी लांब, पंखा उघडल्यासारखी. इंग्रजीत डोक्यावर काही जोडलेलं नसतं म्हणून चालून जातं. आपली शिरोरेषा नेमकी तिथंच असते जिथं फट सगळ्यात मोठी.

आकड्यात बघ. शिक्का ३६ मिलिमीटर व्यासाचा, अक्षर ३ मिलिमीटर उंच आणि सरासरी ३ मिलिमीटर रुंद. अक्षराचे पाय १२ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावर ठेवलेस तर दोन शेजारी शिरोरेषांमध्ये पाऊण मिलिमीटर फट पडते. शिरोरेषा स्वतः जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड. म्हणजे रेषेपेक्षा भोक दुप्पट. हेच तुझे पडलेले दात.

उपाय तिवडा बदलण्यातच आहे. गोल १५ मिलिमीटर त्रिज्येचा घे आणि टेक्स्टचं पाथपासूनचं अंतर असं सरकव की शिरोरेषा त्या गोलावर येईल आणि अक्षर आतल्या बाजूला लोंबेल. आता डोकी एकमेकांना भिडतात, कारण अंतर डोक्याशी मोजलं जातं. दाटी होते ती पायाशी: डोक्याला ३ मिलिमीटर मिळाले तर पायाला २.४ च. खरं आपल्या बऱ्याच अक्षरांना पायाशी नुसता दांडा असतो, प, स, म, व, त, सगळे दांडेवाले, ते गुण्यागोविंदानं उभे राहतात. ह आणि ळ यांचं पोट आडवं येतं, तिथं शेप टूलनं त्या अक्षराचा बारका नोड धरून केसभर सरकवायचं. १५ त्रिज्येवर ३ मिलिमीटरचं अक्षर साडेअकरा अंश खातं, म्हणजे वरच्या अर्ध्या गोलात १५-१६ अक्षरं. 'सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ' मोज: १३ अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा. बरोबर मावतं, सा चा काना जरा दाटी करेल तेवढाच.

मग शिरोरेषा एकसंध करायची. तोच १५ त्रिज्येचा गोल, त्याला शिरोरेषेएवढी जाड कड, भरीव रंग नाही. कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबलं की कडेची आकृती होते. दोन शब्दांच्या मध्ये आणि खालच्या अर्ध्या भागात ती कापून टाक. टेक्स्ट कर्व्ह करून (अक्षरांची आकृती करून) दोन्ही वेल्ड कर. अक्षरांची स्वतःची शिरोरेषा सरळच असते, गोलाला नुसती टेकलेली, पण ३ मिलिमीटरच्या लांबीत गोलापासून तिचा फरक ०.१ मिलिमीटरसुद्धा होत नाही. शाईत तो बुडून जातो.

याच्या आधी एक खातरजमा: फॉन्ट कुठला आहे? जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट असतील, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, तर त्यांत वेलांटी, रफार, मात्रा ही वेगवेगळी चिन्हं असतात. गोलावर टाकलं की 'नि'ची वेलांटी वेगळी फिरते आणि न वेगळा फिरतो, वेलांटीचा तुरा न च्या डोक्यावर पोचतच नाही. 'र्व'चा रफार शेजारणीकडं झुकतो. अशा वेळी पाथचा नादच सोड. नाव सरळ लिही, कर्व्ह कर, एकेका अक्षराचा त्याच्या मात्रांसकट ग्रुप कर, आणि हातानं फिरवून लाव, केंद्र शिक्क्याच्या मध्यावर. तेरा अक्षरं, वीस मिनिटं. मी वर्षानुवर्षं असंच केलंय. युनिकोड फॉन्ट आणि नवं सॉफ्टवेअर असेल तर अक्षर मात्रांसकट एकत्र फिरतं, तरी एकदा रफार तपास.

आपल्या भागात शिक्क्यावर कन्नड ओळही असतेच. तिचं तंत्र नेमकं उलट आहे (आरशातलं नव्हे). कन्नडला शिरोरेषा नाही, अक्षरं गोलगरगरीत, गोलावर ती फार देखणी बसतात. पण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर ओळीखाली लटकतं, ओत्तक्षर. 'कन्नड' या शब्दातच दुसरा न असा खाली बसतो. वरच्या कमानीत खालची बाजू म्हणजे केंद्राकडची बाजू, तिथं आधीच दाटी, त्यात ही ओत्तक्षरं एकमेकांच्या अंगावर. खालच्या कमानीत अक्षरांचे पाय बाहेर असतात, तिथं त्यांना ऐसपैस जागा. आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर, त्यांना वरची कमान सोयीची. म्हणजे तंत्राच्या बाजूनं मराठी वर आणि कन्नड खाली, दोघी सुखात. दुकानाच्या गोल फलकाला मात्र हे चालणार नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीपासून व्यावसायिक फलकावर ६० टक्के कन्नड लागतं आणि तेही वरच्या अर्ध्या भागात. तिथं कन्नड ओळीच्या आतला गोल जरा लहान घ्यायचा, ओत्तक्षरांना खाली श्वास घ्यायला जागा ठेवायची, आणि खालच्या कमानीत मराठी बसवताना शिरोरेषा केंद्राकडं येते, ती तिथं एकमेकींवर चढते हे धरून अक्षरं थोडी पसरायची. काळ्यावर काळं चढलेलं दिसत नाही, वेलांट्या मात्र आतल्या बाजूला गर्दी करतात.

प्रभावळीला तू सोनेरी ग्रेडियंट आणि सावली देणार, तुझ्या वयात मीही देत होतो. पाकळी फिरवली की ग्रेडियंट बरोबर फिरतो, सावलीही फिरू शकते. ग्रेडियंट फिरलेला चांगला दिसतो, केंद्राकडून बाहेर उजळत जातो. सावली मात्र फिरली की वरच्या पाकळीची खाली पडते आणि खालचीची वर, मखरात चार सूर्य असल्यासारखं. आधी सगळ्या पाकळ्या बिनसावलीच्या लाव, ग्रुप कर, मग एकच सावली.

शिक्क्याची फाइल द्यायच्या आधी मिरर करून साध्या कागदावर खऱ्या मापात छाप आणि आरशासमोर धर. मराठी ओळ तू वाच, कन्नड ओळ वाचायला शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांना हाक मार. मी एकदा हाक मारली नव्हती, तर एक ओत्तक्षर पुढच्या अक्षराखाली जाऊन बसलं होतं आणि शिक्का फुकटात दुसरा करून द्यावा लागला.